रिपोर्टची खिडकी

सरकारी दवाखान्यातल्या रिपोर्टच्या खिडकीपाशी आफशीन तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन उभी होती. रक्ताच्या रिपोर्टशिवाय डॉक्टर औषध बदलणार नव्हते. रांगेत पुढं उभ्या तानूबाई आणि आबांच्या गप्पा रंगल्या होत्या.

"रक्त तपासायचा ठेका कुणाला दिलाय म्हणं, आबा?"

"कुठल्याशा कंपनीला. आमदारांनी ठेक्याचा करार बघायला मागितला, तर सरकार म्हणालं, गोपनीय हाय."

"आमदारालाबी दावत न्हाईत?"

"कंपनीची अब्रू जाती की, तानूबाई!"

"मूळव्याधीचं आबा कोण हाय?" खिडकीतून आरोळी आली.

"मीच! अख्ख्या कोल्हापूरला कळलं, आता द्या रिपोर्ट."

आफशीन पुढं सरकली. "दादा, बाळाचा रिपोर्ट?"

"कंपनीकडनं आला न्हाय."

"कधी येईल?"

"किती दिवसांत द्यायचा, ते करारात असतंय."

"मग करार बघून सांगा ना!"

"गोपनीय हाय, ताई."