प्रचाराचा नारळ

—न्हाई, न्हाई, बस की भुजंगा, असं उभ्या उभ्या कामून विचारतोस? तुमच्या भावाभावाच्या वाटणीला मी बसू म्हनतोस. मीच का? काकू खोटं बोलत न्हाई म्हून! वा रे वा — शेताचा बांध माझ्या शब्दावर टाकायला तयार, अन् मत टाकताना हात लटपटला? मान खाली घालू नको. तुझ्या एकट्याचं न्हाई म्हनत, सगळ्या वार्डाचं म्हनायले मी.

मी महानुभाव. लग्नाआधीच मायसोबत उपदेश घेतलेला. आमच्या पंथाबाहेरच्या देवाला हात जोडत न्हाई, परसाद घेत न्हाई — हे काय चोरून हाय का? तुझी माय सत्यनारायणाला बोलवायची अन् माझ्यापुरता नुसता चहा करायची. राग न्हाई, रुसवा न्हाई. ह्याच गिरणीत सारं गाव दळण ठेवून बिनघोर बाजाराला जातंय, कुनी परत मोजून बघत न्हाई. अन् पंचायतीच्या मेंबरकीला उभारले की झाली बोंब! मारुतीच्या पायरीवर प्रचाराचा नारळ फोडा म्हने. मी म्हनलं, मी पान्याच्या टाकीपासून सुरू करते — टाकी गळायली, तिच्यासाठीच तर उभारले ना! झालं. बाई देव मानत न्हाई. बाई आली की पालखी बंद करनार. अरे, पालखी बंद करनारी मी कोन? टाकीचं एकानं विचारलं न्हाई, ज्याला त्याला नारळाचंच पडलं. माझ्यासमोर उभारलेल्या नागनाथनं फोडला — दारू पिऊन झोकांड्या खात फोडला, पन फोडला! आला की निवडून.

पडले त्याचं काही न्हाई रे. लोकांचं काय, लोक लोकच हायेत. पन निकालाच्या दिवशी घरी आले, तुझे काका चुलीपाशी बसलेले. मी आपली एकेकाचं नाव घेऊन शिव्या द्यायले — ह्यानं दगा दिला, तिनं दगा दिला — अन् हे रडायले! म्हनलं, तुमी कामून रडायलाव? तर म्हनले, मीबी तिकडंच दिलं. — हां, नागनाथला! सख्ख्या नवऱ्यानं! म्हनले, नारळ न फोडता तू निवडून आली असतीस, अन् मारुती कोपला असता, तुला काही झालं असतं, तर मी काय केलं असतं? माझ्या काळजीनं मला पाडलं बघ. आता ह्याला शिवी तरी कशी द्यायची? माया खरी हाय ना त्या मानसाची! म्हून तर लय जळतंय. मग? मग काय, भाकर वाढली. बोलले न्हाई. अजून बोलत न्हाई.

थांब, उठू नको, ऐकून जा. काल तुझीच बायको आलती दळायला. म्हनली, काकू, निदान काकांचं तरी मत पडलं असंल ना तुमाला? मी म्हनलं, पडलं की! सकाळी सगळ्यात आधी जाऊन देऊन आले. हसत म्हनलं रे, पीठ झाडता झाडता. जीभ जरा अडखळावी? न्हाई अडखळली. ती बिचारी खरं समजून गेली. — सांगू नको तिला. न्हाई तर सांग, मला काय!

तवा वाटणीला दुसरं कुनी बघ. जा आता. गिरणी चालू करायलेय मी, काही ऐकू येनार न्हाई.