अडुळशाला आवतन

पारोळ्याच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघता बघता पंडितनानांचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. तिथे कॉलेजात जाणारी एक पोर आणि तिची आत्या बसली होती. पायाशी अडुळशाच्या पानांनी ठासून भरलेली पिशवी.

"बठ्ठं झाड बोडकं करी टाकं तू, हेमांगी! इतला पानंस्नं काय करशी?"

"धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात अर्क काढायचाय, आत्या. खोकल्यावर पानातला नेमका कोणता घटक चालतो, ते शोधायचंय."

"मनी माय आदला दिन सांजले झाडले हळद-कुंकू लाये, आवतन दे. मंगच पानं तोडे."

"मीही दिलं आजीसारखं, काल संध्याकाळी."

"आजारी मानूसनं नाव सांगं का? नाव नही सांगं तं झाड गुन देत नही, माय म्हने."

"प्रयोगात कुणी आजारी नसतं गं."

"मंग आवतन फुकट गयं."

"नाव सांगितलं मी. आजीचं."

"ती तं मरी गयी, पोरी!"

"गावभराच्या खोकल्याला तिने पानं तोडली. ती खोकत होती, तेव्हा झाडाला तिचं नाव कुणी सांगितलं?"

धुळ्याची गाडी लागली. पंडितनाना उठले, तरी आत्या बसूनच होती.

"आन ती पिशवी इकडे," ती शेवटी म्हणाली. "मी मांडीवर लेस."