उजव्या डोळ्याचा निळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक, आदरणीय मोठे साहेब. मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, गृहसजावटकार बाई. माझ्या शेजारी बसलेले विक्रीप्रमुख. साचे, ग्लेझ, भट्टी आणि पॅकिंग विभागांतले माझे सगळे सहकारी. आणि तिसऱ्या रांगेत बसलेले आमचे हे आणि आमची लेक, तुम्हां सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी घरून चार पानांचं निरोपाचं भाषण लिहून आणलं होतं. दहा मिनिटांपूर्वी अध्यक्षांनी जाहीर केलं की हा निरोप नाहीच, बाई आणखी दोन वर्षं थांबणार आहेत. केवढ्या टाळ्या वाजवल्यात तुम्ही! त्यामुळे ती चार पानं पर्समध्ये गेली आहेत. आता सुचेल तसं बोलते, इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

पाहुण्या बाई आत्ता फार सुरेख बोलल्या. निळा रंग मन शांत करतो, लहान खोली मोठी वाटते, बेसिन असो, टाइल असो, टेबलावरचा दिवा असो, सध्या घरोघरी निळ्याची चलती आहे. का बरं असेल? मला विचाराल तर, निळं हे हाताला लागतच नाही. लांबून पाणी निळं दिसतं, ओंजळीत घेतलं की नुसतं पाणी. जे हातात येत नाही, ते माणसाला घरात पक्कं बसवून हवं असतं. बसवून देणारे आपण.

पण बाई, तुम्ही निळ्याकडे बघता. मी निळ्यात राहते. या मंचामागचा पडदा बघा, निळा. ही फुलं, बिचारी जन्माला पांढरी आली असणार, तीही निळी. वाढदिवसाला मला निळी पर्स, निळी छत्री, निळी चप्पल. आमच्या शेजारीण बाईंनी तर विणून निळी कानटोपी दिली. अठ्ठावीस वर्षांत एकानेही विचारलं नाही की तुम्हाला कोणता रंग आवडतो. मला पिवळा आवडतो. असो.

पाहुण्यांना आपल्या कामाची एक रीत सांगते, इथल्या लोकांना ती पाठच आहे. आपलं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा तो काचेसारखा लेप, प्रत्येक भट्टीत थोडं वेगळं उतरतं. कडेला फिकं, खळग्यात गडद. यंत्र त्यात गोंधळतं. म्हणून दर भट्टीनंतर एक माणूस बघतो आणि पुढच्या घाण्यात काय वाढवायचं ते सांगतो. तो माणूस म्हणजे मी. आणि थोरल्या साहेबांनी, म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांनी, नियम घालून दिला होता: जुना नमुना शेजारी ठेवायचा नाही. तो कपाटात, कुलपात. ‘शेजारी ठेवला की नक्कल होते, रंग डोळ्यांत ठेवा,’ असं ते म्हणायचे. आपल्या जाहिरातीतही तेच आहे, ‘डोळ्यांत जपलेला निळा’. मी अठ्ठावीस वर्षं तो नियम पाळला. कपाटाची किल्ली माझ्याकडे, दर वर्षीची टाइल कागदात गुंडाळून आत ठेवायची, पण जुनी एकदाही काढून पाहिली नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आपला निळा एकदम गाजला. आठवतंय ना? मासिकांत फोटो आले. या पाहुण्या बाईंनीच लिहिलं, धीट निळा. कुणी लिहिलं, या हाताने आता भीड सोडली आहे. मी ती कात्रणं आमच्या ह्यांना वाचून दाखवली होती. फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग आठ महिन्यांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि मी लेकीकडे राहायला गेले. तिने माझ्या कौतुकापोटी सगळं स्वयंपाकघर आपल्या टाइल्सनी मढवलंय. मी दारातच थबकले. म्हटलं, ‘अगं, हा काय भडक रंग लावून घेतलायस? डोळ्यांत घुसतोय!’

ती म्हणाली, ‘आई, हा तुझाच आहे.’

मी डावा डोळा झाकला. निळा शांत झाला. उजवा झाकला. भिंत अंगावर आली. चार वेळा करून पाहिलं. लेक म्हणाली, ‘आई, चहा घे आणि बस बघू.’ चहा कसला घेते!

तुमच्या लक्षात आलं असेल. मोतीबिंदू हळूहळू पिवळा होतो, आणि त्यातून निळा मळकट दिसतो. मला वाटायचं, रंग कमी पडतोय. मी म्हणायचे, ‘जरा वाढवा.’ पुढच्या भट्टीला पुन्हा, जरा वाढवा. नमुना शेजारी असता तर एका दिवसात कळलं असतं. तो कुलपात होता. माझ्या डोळ्यांतला निळा होता तसाच राहिला, डोळे मात्र राहिले नाहीत. बाई, ज्याला तुम्ही धीट म्हणालात, तो माझा मोतीबिंदू होता.

हसा, हसा. मीही हसले असते. पण मी सगळं विक्रीप्रमुखांना सांगायला गेले, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि विचारलं, ‘मग आता उजवा?’ म्हटलं, पुढच्या महिन्यात. ते म्हणाले, ‘बाई, उजवा तेवढा राहू द्या ना.’ ते वाईट माणूस नाहीत. माझी लेक रुग्णालयात होती तेव्हा रोज फोन करायचे. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही.

तेव्हापासून मी डाव्या डोळ्याला पट्टी बांधते, नजरेची सवय मोडू नये म्हणून घरीसुद्धा. तुम्ही विचारलंत तेव्हा जंतुसंसर्ग सांगितला. गेले सात महिने चांगला डोळा झाकून मी पिकलेल्या डोळ्याने निळा बघते. डॉक्टर दर वेळी ओरडतात, आता उशीर केलात तर अवघड होईल म्हणतात. गेल्या महिन्यात भट्टीघराची शेवटची पायरी मला दिसलीच नाही. भट्टीवाल्या काकांनी दंड धरला म्हणून आज उभी आहे. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. मनाशी म्हटलं, निवृत्तीला महिना राहिलाय, तेवढा काढू. एकेक दिवस मोजला.

आणि आज इथे, या निळ्या पडद्यासमोर, आणखी दोन वर्षं. तुम्ही टाळ्या वाजवत होता आणि मला आतून कोंडल्यासारखं झालं होतं. कुणाला तसं दिसलं नसेल, मी हसत होते ना.

साहेब, तुमच्या शब्दाचा मान राखून सांगते, मी थांबणार नाही. गुरुवारी सकाळी नऊ वाजता माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ही तारीख मी कालच घेतली, फक्त सांगायचा धीर होत नव्हता. शुक्रवारनंतर तो निळा माझ्याकडून होणारच नाही. ज्या डोळ्याने तो केला, तो डोळाच नसेल.

पण कारखान्याचं काही अडणार नाही. मागच्या आठवड्यात मी नियम मोडला. कपाट उघडलं आणि अठ्ठावीस वर्षांच्या टाइल्स ओळीने मांडल्या. पहिली संध्याकाळच्या पाण्यासारखी, शेवटची अंगावर येणारी. तो सगळा उतार माझ्या सहायक मुलीला दाखवला. तिचे डोळे लख्ख आहेत. साहेब, तिला नमुना शेजारी ठेवू द्या. लोकांना शेवटचा निळा हवा असेल तर ती अचूक करेल, आणि कधी पहिलाही करून बघेल. ये गं पुढे. ही किल्ली. आणि ही पट्टी मी इथे टेबलावर ठेवते.

आता आभार. भट्टीवाल्या काकांचे, दंड धरल्याबद्दल. पाहुण्या बाईंचे, त्यांनी माझ्या दुखण्याचं एवढं कौतुक केलं त्याबद्दल. मोठ्या साहेबांचे, अजून रागावले नाहीत म्हणून. ज्यांच्या घरात माझा निळा आहे, त्यांना तो आवडत असेल तर खुशाल आवडू द्या, मी मात्र तो मुद्दाम केला नव्हता.

राहिली माझ्या चुकांची माफी. ती तुम्हां सगळ्यांकडे मागतेच, पण एक माफी तिसऱ्या रांगेत मागायची आहे. आमचे हे रोज पांढरा शर्ट घालतात. गेली कित्येक वर्षं मी तो दोरीवरून काढते, पिवळट राहिलाय म्हणते, आणि पुन्हा धुवायला लावते. निमूटपणे पुन्हा धुतात. आज घरून निघताना मी पट्टी वर करून त्यांच्याकडे डाव्या डोळ्याने नीट पाहिलं.

अहो, शर्ट पांढरेच होते. मला क्षमा करा.