पाहुण्यांचा बर्थ

व्हिक्टोरिया शहरातल्या बोटधक्क्यावरच्या लाँड्रीत लोर्ना ओली उशी ड्रायरमध्ये टाकून बसली होती. मागच्या बाकावर बोटीत राहणारे दोघे गप्पा मारत होते.

“थंडीआधी सगळ्या बोटीला आतून फोम लावलास म्हणे?”

“पाहुण्यांचा बर्थ सोडून.”

“तो का सोडलास?”

“अरे, फोम नसला की रात्रभर श्वासाची वाफ गार छतावर साचते आणि पहाटे थेंब थेंब पाणी कपाळावर पडतं. माझा मेव्हणा महिनाभर राहायला आला होता. तिसऱ्याच दिवशी त्याला घरची आठवण आली.”

“आणि त्यानं विचारलं असतं तर?”

“बोट म्हटली की ठिबकायचंच, असं सांगायचं. डेक्लनलाही हीच युक्ती सांगितली. त्याची सासू आलीय ना.”

“मग, गेली का?”

“कुठली जातेय. फार चिवट आहे म्हणतो.”

ड्रायर थांबला. लोर्नानं गरम उशी काखोटीला मारली आणि वळून गोड आवाजात विचारलं, “काय हो, तो फोम कुठं मिळतो?”

“कोपऱ्यावरच्या दुकानात. कुठल्या बोटीला लावायचाय?”

“डेक्लनच्या. उन्हाळ्यापर्यंत राहीन म्हणते.”