खच्ची म्हणा, खुशाल म्हणा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सरपंच आप्पाराव, मंचावरील मान्यवर, उपकेंद्रातून निवृत्त होणाऱ्या सिस्टर सुकन्याताई, आणि चकलांब्याच्या माता-भगिनी व बांधवांनो, मुंजाजीचा नमस्कार.

अध्यक्ष आत्ताच कानात म्हणाले, "मुंजाजी, ताईंचं कौतुक कर. त्या इषयाला हात लावू नको, बायाबापड्या बसल्यात." मान राखतो, पण तो विषय सोडून ताईंबद्दल बोलू तरी काय?

माझी वनमाला दुसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली. काळजाची झडप अधू. डॉक्टर म्हणाले, पुन्हा दिवस जायला नकोत, आणि मूल बंद करायच्या ऑपरेशनची भूलही हिला सोसायची नाही. ताई मला म्हणाल्या, "मग तुम्ही करून घ्या." मी पडलो शेळ्या राखणारा. ताडकन म्हणालो, "म्हंजी बोकडावानी खच्ची होऊ?"

ताई हसल्या न्हाईत. भर दुपारी पारावर खडूनं चित्र काढलं. म्हणाल्या, "बोकडाच्या नसा चेंगरल्या की रक्त थांबतं, अंड वाळतं. माणसाचं तसं करत नाहीत, भाऊ. वृषणात बी बनतं, ते शुक्रवाहिनीतून वर जातं. तेवढी वाट बंद करायची. दाढी, आवाज, ताकद ज्यानं येते तो रस वृषणातून थेट रक्तात मिसळतो, त्याला धक्का नाही. वीर्यातलं पाणी तर बहुतेक वरच्या ग्रंथींचं. तेही राहतंच."

केली नसबंदी. उरलंसुरलं बी संपलं असं डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत जपून राहिलो. गावानं नाव पाडलं, खच्ची मुंजाजी! टपरीवर विचारायचे, "काय बे, आवाज बारीक झाला का?" आज माईक बंद करून बोलू? मागच्या रांगेला ऐकू जाईल.

म्हणा, खुशाल म्हणा. पण गोऱ्हा बडवायची, म्हंजी खच्ची करायची, चर्चा भर बाजारात करणारे आपण, स्वतःच्या अवयवाचं नाव आलं की माना खाली घालतो. आजवर या गावात टाके पडले ते बायांच्याच पोटाला. का म्हणून? वनमाला ती बघा तिकडं बसली हाय, चालती-बोलती. तिला सरणावर ठेवून मी मर्द ठरलो असतो का?

ताई, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. उद्या नव्या सिस्टर येतील. त्यांनी पारावर चित्र काढलं अन् कुणी पुसलं, तर गाठ माझ्याशी हाय.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, लई आभार. उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. वृषण म्हणालो, वीर्य म्हणालो, त्याची माफी मात्र मागणार न्हाई.