भांडणाऱ्यानं जपलेल्या ओळी

हॅलो?… नीवेस? अगं मीच, एर्सीलिया… हो, आणलं बाबांना घरी. पुढच्या खोलीत ठेवलंय… जेवणाचं काय, शेजारणींनी डबेच डबे आणलेत, आपल्याकडे गॅस पेटवायचा नाही ना आज! सगळं लेच्चे गाव लोटलंय. बाबांनी लॅटिन शिकवलेली पोरं, त्यांचीही पोरं… तू निघालीस ना? उद्या चर्चमध्ये बाबांबद्दल तूच दोन शब्द… काय? येशील, पण बोलणार नाहीस? अगं ऐक ना…

हो, हो, तू आणि बाबा भांडलात जन्मभर, ठाऊक आहे! मी तिथेच पास्ता वळत बसलेली असायचे, कान किटले माझे. बाबा म्हणायचे, रोमचे जुने तत्त्वज्ञ आपल्या पुस्तकात मध्येच जुन्या कवींच्या ओळी घालतात, ते मन भरून येतं म्हणून. आणि तू म्हणायचीस, छे, कवीला खोडून काढायला घालतात. पुस्तकच लिहिलंस त्यावर… बरं मग, त्या कवींची नाटकं कुठायत आज?… बुडाली ना? मग ओळी उरल्या कशा?… मोठ्यानं बोल की!… हां! भांडणाऱ्याच्याच पुस्तकात. तूच सांगितलंयस मला, शहाणे!

नाही गं, मी काय बोलू? मला त्यांचा खोकला आठवतो, कॉफीतली साखर आठवते. बाबांची वाक्यं तुझ्याकडे आहेत… नेमके शब्द आठवत नाहीत? अगं, ते तत्त्वज्ञ तरी कुठे दर वेळी पुस्तक उघडून बघायचे? आठवेल तसं ठोकून द्यायचे!

रडू नको ना… कोण म्हणालं, तुझ्यावर राग धरून गेले? थांब, ऐक. परवा हॉस्पिटलमध्ये नर्स उशी नीट करत होती, तर तिच्याशीच वाद! "नीवेस म्हणते…" करून तुझं अख्खं लांबलचक वाक्य, आणि वर, "साफ चूक!"… अगं, तोंडपाठ! तुझ्या पुस्तकातली पानंच्या पानं… आईशप्पथ, मी कशाला बनवू? त्या पोरीनं शेवटी मला बाहेर गाठून विचारलं, "ही नीवेस कुठल्या काळातली हो?" म्हटलं, माझी धाकटी बहीण आहे बाई, चांगली जिवंत आहे!

बरं, रड. मी आहे…

काय म्हणालीस?… बोलशील? नक्की?… हो गं, बाबांना खोडून काढ की, कोण नाही म्हणतंय? फक्त आधी त्यांचं वाक्य पूर्ण म्हण… हां. चल, ठेवते.