मोहनबाईंची चादर

...आणि वर मलाच विचारतात, मास्तर, तुम्हाला नदीवर जायला कोणी सांगितलं होतं? आता काय सांगू? चादर होती हो, साधी चादर, पण तुम्हाला सांगतो, त्या चादरीनं आमच्या रनाळ्यात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

झालं असं की आमच्या मुलीला, नर्मदाला, बघायला मुलाचे वडील, शहाद्याकडचे सुपडू पाटील, यायचे होते. लढाईचे दिवस, कापडावर कंट्रोल, दुकानात हातरुमालाएवढं कापड मिळेना, आणि आमच्या घरात अंथरायला काय, तर गोधड्या, त्याही ठिगळांच्या. म्हणून आमच्या मंडळींनी, म्हणजे गजराबाईंनी, शेजारच्या प्रेमचंद शेठजींच्या घरून चादर मागून आणली. पांढरीशुभ्र, काठाला लाल दोऱ्याचे मोर. शेठाणी मोहनबाई देताना एवढंच म्हणाल्या, "म्हारी मां रै हाथ रा मोर है, संभाळ'र राखज्यो." त्यांची आई वारलेली. म्हणजे बघा, मी चादर नव्हे, एका बाईची आई घरी आणली होती.

पाहुणे आले, बघून झालं, जेवण झालं, सुपडू पाटील बाजेवर टेकले, आणि तुम्हाला सांगतो, वरणानं माखलेला हात त्यांनी धुतल्यासारखा केला आणि पुसला कुठे? चादरीला. पाचही बोटं, पिवळीधमक. मी काय बोलणार, मुलीचा बाप! म्हटलं, पुसा, पुसा. "कळाडसूत," म्हणजे कळवू, असं म्हणाले, आणि मुक्कामाला त्यांच्या मावसभावाकडे गेले.

चादर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत द्यायची होती, मोहनबाईंचा भाऊ मारवाडातून यायचा होता. परीट त्याच्या मुलीच्या गावी गेलेला. गजराबाईंचा हात मोडलेला, बांबूच्या कामट्या बांधलेला. नर्मदा म्हणाली, बाबा, मी धुते. मी म्हटलं, पाहुणे गावात आहेत, तू नदीवर दिसायची नाहीस. बाजेवरून गजराबाई सांगत होत्या, "साबन लावू नका, नुसती उनमा टाका." पण उन्हानं डाग कधी जाणार, आणि भाऊ कधी येणार? लावला साबण. पिवळी बोटं लाल झाली हो! जणू कोणाचा खून झालाय. घाबरून चादर सोड्यात उकळली, तर मोरांचा रंग सुटला आणि अख्खी चादर गुलाबी. म्हटलं, आता नीळच वाचवेल. नीळ घातली. पुढे जो रंग आला त्याला आमच्या शाळेच्या पुस्तकात नाव नाही.

मग उरलं काय? नदी. धोतर खोचून दगडावर आपटतोय, आपटतोय, आणि बाया हातातलं काम टाकून बघतायत. जमनाबाई म्हणते, "मास्तर, गजराबाई जित्ती शे ना?" म्हटलं, आहे, हात मोडलाय. चादर होती हो, साधी चादर, पण बघायला सगळा घाट जमला. आणि नेमकी त्याच वेळी उतारावरून बैलगाडी पाण्यात उतरली. गाडीत सुपडू पाटील, परत निघालेले. बैल पाणी प्यायला थांबले, पाटील माझ्याकडे बघत बसले. बघतायत, बघतायत... शेवटी म्हणाले, "मास्तर, पोर शे ना घरमा?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "हं." एवढंच. आणि मी त्यांच्याच हाताचा डाग दगडावर आपटत राहिलो.

मागाहून पाटलांचा निरोप आला. पोर चांगली शे, पन जिना बाप चादर धोस, ती उद्या मन्हा पोऱ्याले बी नदीवर धाडी.

चादर मी त्याच संध्याकाळी स्वतः नेऊन दिली. मोहनबाईंनी ती उलगडली, काठावरून बोट फिरवत मोर शोधले. एकाला चोच नाही, एकाचा नुसता पाय उरलेला. मी खाली मान घालून उभा. मग म्हणाल्या, "थे खुद धोई?" म्हटलं, हो. "म्हारा सेठजी तो पाणी रो लोटो ई कोनी उठावै," शेठजी पाण्याचा तांब्याही उचलत नाहीत, असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. चादरीची घडी घातली, मोर आतल्या बाजूला घेऊन. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता परवा दुसरं स्थळ आलं. ह्या खेपेला मागून आणलं नाही काही, गोधडीच घातली. मुलाची आई टेकली, चहाची बशी तोंडाला लावली आणि पहिला प्रश्न, "नदीवर चादर धोनारा मास्तर, तो तुम्हीच का?"

म्हटलं, हो बाई, मीच.

आत स्वयंपाकघरात नर्मदा फिस्सकन हसली. बाहेर ऐकू आलं.

तेही गेलं.